देवळाच्या आवारातला इक्झोरा: कुंपणाच्या नोंदी

9 जून 2024

मिरग लागला, पाऊसही लागला, म्हणून काम आजच हातात घेतलं. आमच्या गावाच्या (वेंगुर्ला तालुका) देवळाला गेल्या उन्हाळ्यात नवीन कंपाउंड झालं, चिऱ्याची भिंत आणि वरून सिमेंटचा गिलावा. त्याच पावसाळ्यात भिंतीच्या आतल्या अंगाने इक्झोराची रोपं लावली गेली, की हिरवं कुंपण पण होईल आणि देवीला रोजची फुलं पण. आता वर्ष झालं. रोपं मेली नाहीयत पण जगतायत असंही म्हणवत नाही, पानं पिवळी, फुटवा खुरटा, फुलाचा पत्ता नाही. कमिटीने हे काम माझ्याकडे दिलंय आणि मी ते आनंदाने घेतलंय.

कारण असं की याच आवारात विहिरीकडे एक जुनी पिटकोळी (इक्झोराचंच आमच्याकडचं नाव) आहे, माझ्या डोक्याच्या वर गेलेली, तिला कोणी कधी खत घातलेलं मी तरी बघितलं नाही आणि ती वर्षभर लालेलाल. एकाच देवळात एकाच पावसात एक झाड असं आणि बाकीची तशी, मग दोष रोपात आहे का जागेत हे आधी कळायला हवं, पैसे खर्च करायचं नंतर बघू.

12 जून 2024

आज खत बित काही नाही, फक्त पानं बघितली.

भिंतीकडच्या रोपांची शेंड्याची नवी पानं पिवळी, काही तर जवळजवळ पांढुरकी, पण पानाच्या शिरा मात्र हिरव्या, म्हणजे पिवळ्या कपड्यावर हिरवी जाळी ओढल्यासारखं दिसतं. खालची जुनी पानं बऱ्यापैकी हिरवी आहेत. ही खूण महत्त्वाची आहे, कारण नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला देतं आणि मग खालची पानं आधी पिवळी पडतात. लोहाचं तसं होत नाही, ते एकदा पानात बसलं की हलत नाही, म्हणून लोह कमी पडलं की मार नव्या पानांना बसतो. म्हणजे युरिया (नत्राचंच खत) टाका म्हणणारे तीन-चार जण भेटले त्यांना मी हात जोडले. युरियाने अजून फुटवा येईल आणि तोही पिवळाच येईल.

एक रोप उपटून मुळं पण बघितली. सूत्रकृमीच्या (मुळांत शिरणारे बारीक किडे) गाठी असतील अशी शंका होती, इक्झोराला तो त्रास होतो. गाठी नाहीत. पण पांढरी नवी मुळं भिंतीच्या विरुद्ध बाजूलाच होती, भिंतीकडच्या बाजूला जवळपास नाहीच.

16 जून 2024

आज उत्तर मिळालं असं वाटतं. भिंतीपासून वीतभर अंतरावर पिकावाने खणलं तर चार बोटं लाल माती आणि तिच्याखाली सगळा राडारोडा, गिलाव्याची ढेकळं, खडी, सिमेंटच्या फाटक्या पिशव्या, वाळू. ज्याने भिंत बांधली त्या कंत्राटदाराने उरलेला माल चरात ढकलला आणि वरून माती पसरून दिली. बघणाऱ्याला सुंदर लाल वाफा दिसतो, रोपाला मात्र सिमेंटच्या पोटात मुळं सोडायला लागतात. मला याचा खरंच राग आला, देवळाचं काम होतं.

घरून व्हिनेगर नेलं होतं. खालची माती पत्र्यावर घेतली, त्यात एक ढेकूळ फोडलं आणि वरून थेंब सोडले, तर लगेच बारीक फेस आला, कान जवळ नेला तर सूं सूं ऐकू पण आलं. चुन्याचा अंश असला की आंबट पदार्थाने असा फेस येतो. मग विहिरीकडच्या जुन्या झाडाखालची माती घेतली, तिच्यावर थेंब सोडले, काही नाही, नुसती भिजली.

नंतर दोन्ही माती बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून, निवळल्यावर पीएचची पट्टी बुडवली (आकडा 7 च्या खाली म्हणजे आंबट माती, वर म्हणजे चुनखडीसारखी). भिंतीकडची 8 च्या आसपास, जुन्या झाडाची 5 आणि 6 च्या मध्ये. पट्टी काही लॅब नाही, पण एवढा फरक पट्टीवर पण लपत नाही.

गुरवकाका बाजूला उभे राहून सगळं बघत होते, शेवटी म्हणाले, "सिमिट खाऊन झाड कसा वाढतला?" याच्यापुढे मी काय लिहू.

17 जून 2024

कमिटीतल्या एकाने विचारलं की आपल्या मातीत लोखंडच लोखंड, रेडीला तर खाणी आहेत, मग झाडाला लोह कमी कसं पडेल. प्रश्न अगदी बरोबर आहे म्हणून नीट लिहून ठेवतो.

जांभा लाल आहे तोच लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. लोह मातीत भरपूर आहे पण झाडाला ते पाण्यात विरघळलेलं हवं असतं, आणि लोह विरघळणार की नाही हे माती आंबट आहे की खारी-चुनखडीची आहे त्याच्यावर ठरतं. पीएच एक अंकाने वाढला की विरघळलेलं फेरिक लोह साधारण हजार पटीने कमी होतं. हजार पट. म्हणजे 5.5 ची माती 7.5 झाली तर काय उरलं. गोदाम भरलेलं आहे पण किल्ली हरवलेली, आणि किल्ली म्हणजे मातीचा आंबटपणा.

प्रत्येक झाडाला हा त्रास एवढा होत नाही. त्याच भिंतीला कण्हेर मजेत आहे, बोगनवेल तर काय कुठेही वाढते. इक्झोरा या बाबतीत फार नाजूक आहे, त्याचं मूळ घर म्हणजे दक्षिण भारत आणि श्रीलंका, भरपूर पावसाने धुतलेली आंबट माती, त्याला तीच सवय. कोकणातली जांभ्याची माती त्याला आयतीच मानवते. आपण फक्त ती बिघडवायची नाही एवढंच काम आहे, आणि सिमेंट ती बिघडवतं. राडारोडा काढला तरी नव्या गिलाव्यावरून पावसाचं पाणी ओघळतं त्यात चुना उतरतोच, पहिली काही वर्षं तरी. म्हणून रांग भिंतीपासून लांब घ्यायची असं ठरवलं.

23 जून 2024

चर मारायला सुरुवात. पोरं आली मदतीला, रविवार होता. भिंतीपासून दोन फूट सोडून नवा चर, दीड फूट खोल, दीड फूट रुंद. निघालेला राडारोडा टेम्पोत भरून गेला, आणि तो परत कुठल्या बागेत जाऊ नये म्हणून पाणंदीच्या खड्ड्यात टाकायला सांगितलाय.

30 जून 2024

चर भरला. सड्यावरची लाल माती, पातेरा कुजवलेलं खत (आंबा आणि फणसाची पानं, देवळामागेच दोन वर्षांचा ढीग होता, खालचा थर काळा भुसभुशीत), थोडं जुनं शेणखत. आणि गंधक, चौरस मीटरला साधारण 50 ग्रॅम, मातीत मिसळून. आंबेवाल्यांकडे भुरी रोगासाठी गंधक असतंच त्यामुळे शोधायला लागलं नाही. गंधक टाकलं की लगेच माती आंबट होत नाही, मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू आम्ल करतात, ओलावा आणि ऊब असेल तर काही आठवड्यात फरक दिसायला लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात दोन्ही आहे. जास्त मात्र टाकायचं नाही, मुळं जळतात.

रोपं मुळाच्या गोळ्यासकट उचलून नव्या चरात बसवली, दोन रोपांत दीड ते दोन फूट. मुळाला चिकटलेली सिमेंटची कपची हाताने सोडवून काढली. काही रोपांच्या मुळांनी गिलाव्याच्या ढेकळाला अशी मिठी मारली होती की सोडवताना मुळं तुटतील अशी भीती वाटली, तिथे पाण्याची बादली घेऊन त्यात बुडवून सोडवली. वेळ गेला पण असंच करायला हवं.

7 जुलै 2024

माती सुधारेपर्यंत झाडाला उपाशी कशाला ठेवायचं, म्हणून पानावरून लोह. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला 5 ग्रॅम, त्यात चिमूटभर लिंबूसत्त्व म्हणजे लोह पाण्यातच गंजून बसत नाही. पाऊस थांबला अशा संध्याकाळी फवारायचं. एक सांगतो, फवारा फरशीवर आणि भिंतीवर उडू द्यायचा नाही, तांबूस डाग पडतात आणि ते जात नाहीत, आम्ही गोणपाट लावून घेतलं.

दुकानात चिलेटेड लोह पण मिळतं, म्हणजे लोह विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या पदार्थात धरून ठेवलेलं. घेणाऱ्यांनी पाकिटावर बघायचं, ईडीटीएवालं असेल तर ते चुनखडीच्या जमिनीत मुळाशी टाकून फार काही उपयोग नाही, पीएच साडेसहाच्या वर गेला की ते लोह धरून ठेवत नाही. ईडीडीएचएवालं तिथे चालतं पण महाग आहे. पानावर फवारायला हिराकस पुरते.

4 ऑगस्ट 2024

फरक दिसतोय!! नवीन पान आधी तांबूस निघतं, तेलकट चमक असते, मग आठवड्याभरात गर्द हिरवं होतं. बहुतेक रोपांची शेंड्याची पानं आता अशी आहेत. जी आधी पिवळी झाली होती ती पूर्ण हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे बघून निराश व्हायचं नाही, नव्या पानाकडे बघायचं.

पान बघायला बसलोच तर झाडाची ओळख पण लिहितो. पानं समोरासमोर जोडीने, देठ जवळजवळ नाहीच, आणि दोन पानांच्या मधे खोडावर एक छोटं टोकदार त्रिकोणी पातं असतं. हे पातं म्हणजे त्या अख्ख्या कुळाची खूण. कॉफी, अनंत, बारतोंडी, रानात आता पांढऱ्या पानासारखं मिरवणारा भूतकेस, सगळे एकाच कुळातले. परड्यातला अनंत नेऊन शेजारी धरा, दोन्हीकडे तेच पातं सापडेल.

18 ऑगस्ट 2024

आज काही काम नव्हतं, पाऊस उघडला होता, जुन्या पिटकोळीसमोर तासभर बसलो आणि फूल नीट बघितलं.

एका गुच्छात पन्नाससाठ फुलं सहज. कळी म्हणजे सुईसारखी बारीक लाल नळी, टोकाला जरा फुगीर आणि टोकदार. उमलली की नळीच्या तोंडावर चार पाकळ्या आडव्या पसरतात. पाकळ्यांच्या मधल्या खाचांत चार पुंकेसर. आणि आता गंमत बघा, कळी उमलायच्या आधीच आत बंद असताना पुंकेसर आपले परागकण मधल्या दांडीच्या टोकावर चोपडून ठेवतात. फूल उघडलं की ती दांडी बाहेर येते ती परागकण घेऊनच, म्हणजे आधी ती वाटायचं काम करते. फुलपाखरू नळीत सोंड घालतं तेव्हा पराग त्याच्या तोंडाला लागतात. नंतर तीच दांडी टोकाला दुभंगते, दोन जिभा बाहेर वळतात आणि आता ती दुसऱ्या फुलाचे पराग घ्यायला तयार. एकाच गुच्छात मला दोन्ही प्रकारची फुलं दिसली, काहींची दांडी बंद, काहींची दोन जिभांत फुटलेली. एवढी वर्षं ही फुलं देवीला वाहतोय आणि हे कधी बघितलं नव्हतं.

नळी लांब आणि अरुंद, मध तळाला, त्यामुळे हे फूल मुख्यतः फुलपाखरांचं. तासाभरात नीलवंत येऊन गेलं, ज्याला ब्ल्यू मॉरमॉन म्हणतात, 2015 पासून आपल्या राज्याचं फुलपाखरू. ते बसत नाही, पंख फडफडवतच एका फुलावरून दुसऱ्यावर. शिंजीर पण आला, पण तो पुढून कशाला त्रास घेतो, नळीलाच चोच घालतो. आणि आम्ही लहानपणी काय करायचो तर फूल उपटून मागून ती दांडी हळूच ओढायची, तिच्याबरोबर मधाचा एक थेंब येतो तो जिभेवर. देवळात आलेल्या पोरांना दाखवलं, आता ती झाड मोकळं करणार, करू देत.

7 सप्टेंबर 2024

गणेश चतुर्थी. नव्या रांगेत फुलं अजून नाहीत, एकदोन झाडांना कळ्या. माटवीला (गणपतीच्या वर बांधतात ती फळाफुलांची सजावट) आणि पूजेला फुलं जुन्याच झाडाची गेली. हिराकस थांबवली, माती आपलं काम करतेय.

6 ऑक्टोबर 2024

नवरात्र चालू आहे. रांगेत कमी पडलेल्या जागा भरायला नवीन रोपं आणायची होती, कुडाळ आणि सावंतवाडीकडच्या नर्सऱ्या बघून आलो. नर्सरीत सगळ्यालाच इक्झोरा म्हणतात पण आत बरेच प्रकार आहेत आणि कुंपणासाठी कुठला घ्यायचा हे आधी ठरवून जावं.

आपली देशी लाल, इक्झोरा कोक्सिनिया, लिनियसने 1753 मध्ये नोंदवलेली. सोडली तर माणसाच्या वर जाते, पाकळ्या टोकदार, फुलं भरपूर, काळी फळं पण धरते. पाखरं ती खातात आणि पोरं पण, चव गोडसर. देवळाला मी हीच घेतली. हिच्यातच पिवळा प्रकार आहे, दिसायला छान पण आमच्याकडे पूजेला लालच हवी.

मिनी इक्झोरा, म्हणजे बुटका, पानं बारीक आणि दाट. गुडघ्याएवढा राहतो, रस्त्याच्या दुभाजकावर लावतात तो हाच. पायवाटेच्या कडेला चांगला, कुंपणाला उपयोग नाही.

चिनी इक्झोरा, पाकळ्या गोलसर, नारिंगी गुच्छ. मोठ्या गुच्छाचे संकर पण आलेत, डोळे दिपतात, पण त्यातले बरेच फळ धरत नाहीत. आणि पांढरा, फिनलेसोनियाना, त्याला संध्याकाळी सुवास असतो, तो मी स्वतःच्या घरासाठी एक घेतला कारण लाल इक्झोराला वास नाही ही एकच गोष्ट मला कमी वाटते.

नर्सरीवाल्याशी गप्पा मारताना केरळचा विषय निघाला. तिकडे याला तेच्ची किंवा चेत्ती म्हणतात आणि देवळात तिच्याशिवाय पान हलत नाही. सुरिनाम देशात तर हे राष्ट्रीय फूल मानतात. तिथल्या लोकांचं नाव आहे फाया लोबी, त्याचा अर्थ धगधगतं प्रेम. इथल्या परड्यातलं झाड कुठच्या कुठे जाऊन मानाला बसलं, मला तरी छातीभर बरं वाटलं.

24 नोव्हेंबर 2024

मन खट्टू झालं आज. जत्रेची साफसफाई चालू आहे, रात्री दशावतार, आवार चकाचक हवं हे बरोबरच. पण कोणीतरी हेज कटर आणून अख्खी रांग वरून सपाट मारली, लेव्हल दिसावी म्हणून. कळ्यांचे गुच्छ धरलेले होते, ते सगळे खाली. कोणाला बोलण्यात अर्थ नाही, त्या माणसाने मनापासून केलं. पण हे कमिटीच्या फळ्यावर लिहून लावणार आहे:

इक्झोराचं फूल फांदीच्या शेंड्यावरच येतं. शेंडा कापला म्हणजे फूल कापलं. त्याला पेटीसारखा चौकोनी आकार देत राहिलं तर हिरवी भिंत मिळेल, फूल मिळणार नाही. छाटायचं ते सिकेटरने (फांद्या कापायची हातकात्री), एकेक फांदी, गुच्छ सुकल्यावर, गुच्छाच्या खाली एकदोन पानांच्या जोड्या सोडून. पानं समोरासमोर असल्यामुळे कापलेल्या जागी एकाच्या दोन फांद्या फुटतात आणि दोन्हीच्या शेंड्याला पुढच्या खेपेला गुच्छ. म्हणजे नीट छाटणी हीच फुलं वाढवायची रीत आहे. आणि पूजेला फुलं तोडताना अख्खा गुच्छ देठासकट सिकेटरने घेतला तर तीच छाटणी झाली, वेगळी करायलाच नको. गुरवकाकांना सिकेटर आणून दिलं, त्यांना ते फार आवडलंय.

12 जानेवारी 2025

थंडी आहे, वाढ मंद. जुन्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके आलेत. थंडीने थोडं होतं, पण इक्झोरात पालाश (पोटॅश) कमी पडलं की पण अशीच खूण येते, आणि पावसाने धुतलेल्या आपल्या मातीत पालाश कमी असायचंच. काकी म्हणाल्या चुलीतली राख घाल, राखेत पालाश असतं. असतं हे खरं, माडाला वगैरे राख उत्तमच. पण राख चुन्यासारखीच माती खारवते, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. म्हणून सल्फेट ऑफ पोटॅश घेतलं, झाडाला एक चमचा, मातीत कालवून वर पाणी.

हीच गोष्ट शिंपल्यांची. तिसऱ्या-कालवं खाऊन शिंपल्या झाडाच्या बुडात टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, त्या हळूहळू विरघळून चुनाच सोडतात. घरी इक्झोरा किंवा अनंत असेल तर त्यांच्या बुडात नको, माडाखाली टाका.

9 फेब्रुवारी 2025

कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि देठाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण. खालच्या पानांवर काळी काजळी धरलेली, ती रोग नव्हे, माव्याच्या चिकट पाण्यावर वाढलेली बुरशी. ओंबील त्या चिकट पाण्यासाठी त्यांची राखण करते म्हणून मुंग्यांची ये-जा दिसली की तिथे बघायचंच. पाण्याचा जोरात फवारा मारला, मग नीम तेल लिटरला 5 मिली आणि थोडा साबण.

पण फवारणी सगळ्या रांगेवर केली नाही, त्याला कारण आहे. एका झाडाच्या कोवळ्या पानावर विचित्र अळी दिसली, हिरवी, अंगावर शिंगांसारखे बोथट कोंब, अळी आहे का पानाचा तुकडा आहे कळत नव्हतं. मंकी पझल नावाचं एक छोटं फुलपाखरू आहे, ते इक्झोरावर अंडी घालतं, त्याची ही अळी. त्या फुलपाखराला मागे शेपट्या असतात, बसलं की पटकन गर्रकन फिरतं, आणि त्या शेपट्या मिशा वाटून पाखरू चुकीच्या टोकाला चोच मारतं. असं काही आपल्या देवळाच्या कुंपणात जन्माला येतंय म्हटल्यावर चार पानं खाल्ली तर खाल्ली. त्या टोकाची चार झाडं औषधाशिवाय ठेवलीयत, मावा तिथे हाताने पुसतो.

13 एप्रिल 2025

ऊन मरणाचं. बुडात पातेरा चार बोटं जाड पसरला, खोडाला न टेकवता. पाणी आठवड्यातून दोनदा. विहिरीचं पाणी पट्टीवर सातच्या जरा वर आहे, फार वाईट नाही. खाडीकाठच्या लोकांनी मात्र आपलं पाणी बघून घ्यावं, खारं किंवा जड पाणी इक्झोराला सोसत नाही आणि पुळणीकडे समोरून खारा वारा लागतो तिथे हे झाड लावूच नये, पानांच्या कडा करपतात. तिथे कण्हेर लावावी.

रांगेला आता चांगला बहर आहे. उन्हात इक्झोरा खुलतो, सावलीतली दोन झाडं, वडाखालची, पानं भरपूर आणि गुच्छ मोजके.

26 मे 2025

पाऊस काल देवगडपर्यंत पोचला असं हवामान खात्याने जाहीर केलं, पण इथे त्याच्या आधीपासूनच ओतत होता. मिरगाच्या किती आधी! आंबेवाल्यांचे हाल झाले, माझं कुंपण मात्र खूश.

यंदा चतुर्थी 27 ऑगस्टला. छाटल्यापासून नवीन गुच्छ उमलायला आमच्या रांगेत साधारण दोन-अडीच महिने लागतात, पावसाळ्यात ऊन कमी म्हणून जरा जास्तच धरायचे. म्हणून निम्मी रांग आता छाटतो, निम्मी पंधरा दिवसांनी, म्हणजे दोन्हीतला एक तरी भाग सणाला सापडेल.

छाटणीतले काप वाया घालवायचे नाहीत. अर्धवट पिकलेली काडी, कोवळी हिरवी नको आणि जुनी लाकूड झालेली पण नको, वीतभर लांब, तीन-चार पेरं, खालची पानं काढून वरची अर्धी कापायची, रूटिंग पावडरमध्ये टोक बुडवून वाळू आणि पातेऱ्याच्या खतात खोचायचं, सावलीत. जुन्या पिटकोळीच्या जाड फांद्यांना गुट्या बांधल्या, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची: बोटाच्या पेराएवढी साल गोल काढून, ओलं मॉस आणि वर प्लॅस्टिक घट्ट. विहीर बांधून काढायची चर्चा चालू आहे, त्यात ते झाड गेलं तरी त्याचा वंश राहिला पाहिजे हे माझ्या मनात पक्कं आहे.

20 जुलै 2025

गुट्यांना प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतायत. काड्यांपैकी बऱ्याच धरल्या, काही कुजल्या, पाणी साठलं तिथे.

27 ऑगस्ट 2025

मे मध्ये छाटलेली निम्मी रांग बरोबर फुलली. जूनवाल्या भागात आता सुईसारख्या कळ्या आहेत, त्या नवरात्रापर्यंत पुरतील. सकाळी गुरवकाका सिकेटर घेऊन टोपली भरत होते, वाडीतल्या बऱ्याच घरांना यंदा फुलं देवळातून गेली, लोकं येऊन मागत होती आणि काका नाही म्हणत नव्हते. "गेल्या वर्षी पिवळी होती तीच मां ही?" असं एकाने विचारलं. तीच, फक्त माती बदलली.

भिंतीकडची माती परत तपासली. रांगेच्या ओळीत पट्टी साडेपाच-सहाच्या मधे दाखवते, भिंतीच्या अगदी बुडात अजून साडेसातच्या आसपास. म्हणजे दोन फूट सोडलेलं बरं झालं. गंधक परत देताना भिंतीकडच्या बाजूनेच द्यायचं.

21 सप्टेंबर 2025

गुट्या उतरवून पिशव्यांत लावल्या, सावलीत ठेवल्यात, पुढच्या पावसात जमिनीत जातील. त्यातली चार प्राथमिक शाळेला द्यायची आहेत, तिथे पण नवीन भिंत झालीय, पण यावेळी रोपं जाण्याआधी मी व्हिनेगरची बाटली घेऊन जाऊन खणून बघणार आणि खाली राडारोडा निघाला तर आधी तो उचलायचा, मगच झाडं. शाळेच्या बाईंशी बोलणं झालंय, दिवाळीच्या सुट्टीत खणायचं ठरलं.

राहिलेली कामं: वडाखालच्या दोन झाडांवरच्या खालच्या पारंब्या-फांद्या कमी करून ऊन आत घ्यायचं (देवस्थानची परवानगी लागेल), फळ्यावरची छाटणीची पाटी पावसाने पुसली ती जत्रेच्या आधी ऑइल पेंटने परत लिहायची, आणि डिसेंबरमध्ये जुन्या पानांवर ठिपके दिसायची वाट न बघता पालाशचा एक हात द्यायचा.